फोंड्यातला शब्दवर्ग : 'करणे' बाजूला ठेवून शिकलेले इंग्रजी

फोंड्याच्या कदंब बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, पूर्वी जिथे टंकलेखन शिकवले जात असे अशा पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळेत इंग्रजी शब्दांचा एक वर्ग चालतो. दाराला पाटी नाही आणि वर्तमानपत्रात जाहिरातही येत नाही. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक तो चालवतात आणि आसपासच्या दुकानांत 'सरांचा शब्दवर्ग' एवढे विचारले की लोक जिना दाखवतात. तीन महिन्यांचा एक टप्पा, आठवड्यातून तीन दिवस, फी ४,५०० रुपये आणि झेरॉक्स टिपणांचे ३०० रुपये वेगळे, असा त्याचा हिशेब आहे. मी एका पतसंस्थेत पत्रव्यवहाराचे काम पाहते, माझी भाची कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात कामाला आहे. आम्ही दोघींनी या पावसाळ्यात पहिला टप्पा पूर्ण केला. वर्गाविषयी विचारणारे बरेच भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गोव्यात 'स्पोकन इंग्लिश'च्या वर्गांची वाण नाही. बहुतेक ठिकाणी हॉटेलच्या स्वागतकक्षात किंवा मुलाखतीत बोलायची तयार वाक्ये पाठ करून घेतात, आणि समोरच्याने अनपेक्षित प्रश्न विचारला की पाठांतर तिथेच संपते. हा वर्ग वाक्ये पाठ करून घेत नाही. एका शब्दापासून निघणारी त्याची सगळी रूपे, आणि त्या प्रत्येक रूपाचा रोजच्या व्यवहारात होणारा वापर, एवढ्याच दोन गोष्टींवर तो उभा आहे. व्याकरणाचे स्वतंत्र धडे नाहीत, निबंध नाहीत, व्यक्तिमत्त्व विकासाची भाषणे तर नाहीतच, याबद्दल सरांचे वेगळे आभार मानायला हवेत.

हा वर्ग कोणासाठी आहे, हे समजायला आपल्याकडच्या शिक्षणाची घडण लक्षात घ्यावी लागते. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांतली आमच्या पिढीतली बहुसंख्य मुले चौथीपर्यंत मराठी प्राथमिक शाळेत शिकली आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जाऊन बसली. त्यामुळे आमच्याकडे एक चमत्कारिक शब्दसंग्रह तयार झाला. 'फोटोसिंथेसिस', 'इव्हॅपोरेशन', 'कॉन्स्टिट्यूशन' हे शब्द आम्ही झोपेतही बिनचूक लिहू. पण नळ ठिबकतो आहे, दूध उतू गेले, कपडे अजून ओलसर आहेत, ही घरातली साधी वाक्ये इंग्रजीत सांगायची वेळ आली की जीभ अडखळते. शब्द पाठ्यपुस्तकातून आले आणि ते बहुतेक नामे म्हणून आले. 'इव्हॅपोरेशन'ची व्याख्या पाठ असते, पण त्याचे क्रियापद वाक्यात वापरायचा प्रसंग वर्षानुवर्षे येत नाही.

याच्या जोडीला दुसरे एक कारण सरांनी पहिल्याच आठवड्यात मांडले, आणि माझ्या मते वर्गाची सगळी किंमत त्या एका निदानात आहे. मराठीत आपण कोणत्याही इंग्रजी शब्दाला 'करणे', 'होणे' किंवा 'आहे' जोडतो आणि काम भागवतो. फॉर्म अप्लाय करतो, बुकिंग कॅन्सल करतो, मुलगा परीक्षेत सक्सेस होतो, आजोबा बांबोळीच्या हॉस्पिटलात ॲडमिट असतात, आपण लग्नाच्या भाषणांनी बोअर होतो. क्रियापदाचा सगळा भार मराठी शब्द उचलतो, त्यामुळे इंग्रजी शब्दाला रूप बदलण्याची गरजच उरत नाही. तो नाम आहे की विशेषण, हेदेखील पाहावे लागत नाही. मराठीत यात काही वावगे नाही. पण हीच सवय घेऊन आपण इंग्रजी बोलायला लागलो की आजोबांविषयी 'ही इज ॲडमिट' आणि स्वतःविषयी 'आय ॲम बोअरिंग' असे निघते, आणि दुसऱ्या वाक्याने आपण स्वतःलाच कंटाळवाणे ठरवलेले असते. "ॲडमिट हे काम हॉस्पिटल करतं, पेशंट नव्हे," असे सर म्हणाले, तेव्हा मागच्या बाकावरचे टॅक्सीवाले काका मोठ्याने हसले. पण नंतर त्यांनीच 'ॲडमिटेड', 'ॲडमिशन' आणि 'ॲडमिटन्स' यांतला फरक विचारला आणि अर्धा तास त्यातच गेला.

शिकवण्याची पद्धत अशी. प्रत्येकाने आडवी मोठी वही आणायची आणि पानावर पाच रकाने आखायचे. पहिले चार क्रियापद, नाम, विशेषण आणि क्रियाविशेषण यांचे. पाचव्याला सर 'सोबती' म्हणतात. पहिल्या धड्याला त्यांनी पुस्तक न घेता रहिवासी दाखल्याचा एक कोरा अर्ज घेतला, ज्याच्या तळाशी लागू नसेल ते खोडावे अशी इंग्रजी ओळ असते. त्या ओळीतला 'ॲप्लिकेबल' घेऊन त्यांनी फळ्यावर 'ॲप्लाय' लिहिला आणि विचारले, याच घराण्यातले आणखी कोण या कागदावर आहेत? मथळ्यात 'ॲप्लिकेशन' सापडला, सहीच्या जागेखाली 'ॲप्लिकंट' सापडला. 'ॲप्लाइड' हा विज्ञान शाखेचे शिक्षण घेतलेल्या एका मुलीने सांगितला. मग सरांनी स्वतः 'अप्लायन्स' लिहिला आणि थांबले, कारण मिक्सर-फ्रिज यांना लागणारा हा शब्द त्याच घरातला आहे हे कोणाच्या मनातही आले नव्हते. त्यानंतर पाचवा रकाना भरला: अर्ज नोकरीसाठी असेल तर 'ॲप्लाय'नंतर 'फॉर' येतो, अर्ज ज्या कार्यालयाकडे करायचा त्याच्या नावाआधी 'टू' येतो, आणि नियम एखाद्याला लागू होतो तेव्हाही 'टू'च येतो. वर्षानुवर्षे हातातून गेलेल्या कागदावर एवढे सामान होते, हे पाहून वर्गात बराच वेळ कुजबुज चालू होती.

मराठी माध्यमातून आलेल्यांना या पद्धतीचा एक फायदा आहे, जो इंग्रजी माध्यमाच्या मुलांना सहसा मिळत नाही. उपसर्ग, प्रत्यय, कृदंत, तद्धित हे आपण शाळेत मराठीतून शिकलेलो असतो. 'शिक्षण', 'शिक्षक', 'शैक्षणिक', 'अशिक्षित' ही एका धातूची माणसे आहेत हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. सर या भांडवलाचा पुरेपूर उपयोग करतात. नकारार्थी 'इन' हा उपसर्ग 'पॉसिबल'पुढे 'इम' का होतो, 'लीगल'पुढे 'इल' का होतो आणि 'रेग्युलर'पुढे 'इर' का होतो, हे त्यांनी संधीच्या उदाहरणांनी दाखवले. 'उत्'पुढे 'लेख' आला की 'उल्लेख' होतो, 'सत्'पुढे 'जन' आला की 'सज्जन' होतो. पुढचा वर्ण मागच्याला आपल्यासारखा करून घेतो. आपला 'अ' किंवा 'अन्', इंग्रजीचा स्वतःचा 'अन' आणि लॅटिनमधून आलेला हा 'इन' मुळात एकाच प्राचीन भाषेतल्या नकाराची रूपे आहेत, ही माहितीही त्यांनी ओघात दिली. 'अनुचित'मधला 'अन्' आणि 'अनफेअर'मधला 'अन' नात्याने भावंडे आहेत हे एकदा कळले की यादी पाठ करण्याचा कंटाळा निम्मा होतो.

गोव्यात राहणाऱ्यांना आणखी एक वाट मोकळी आहे, आणि तिचा उल्लेख सरांनी ओझरताच केला याचे मला थोडे वाईट वाटले. आपल्याकडे 'कोमुनिदाद' (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) हा शब्द शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. पोर्तुगीजमधला हा शेवटचा 'दाद' आणि इंग्रजी 'कम्युनिटी'मधला शेवटचा 'टी' एकाच लॅटिन प्रत्ययातून आले आहेत. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेली जी वडीलधारी माणसे घरात आहेत, त्यांना म्हणूनच मोठेमोठे इंग्रजी शब्द ओळखीचे वाटतात. त्यांच्याकडून जमिनीची जुनी कागदपत्रे वाचून घेताना हे हमखास लक्षात येते. यावर एक अख्खा धडा होऊ शकला असता.

माझ्या कामाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरला तो 'अर' आणि 'ई' या प्रत्ययांच्या जोडीचा धडा. काम देणारा 'एम्प्लॉयर' आणि ज्याला काम दिले तो 'एम्प्लॉयी', हे सगळ्यांना ठाऊक असते. पैसे देणारा 'पेयर' आणि ज्याच्या नावाने धनादेश आहे तो 'पेयी', हेही बँकेत जाणाऱ्याला कळते. खरी गंमत तारणाच्या कागदात आहे. कर्जासाठी घर गहाण ठेवणारा कर्जदार हा 'मॉर्टगेजर', कारण गहाण देण्याची क्रिया त्याची. आणि पतसंस्था 'मॉर्टगेजी', कारण गहाण तिच्याकडे येते. कर्ज देणारी ती संस्था, म्हणून कर्त्याचा प्रत्यय तिलाच लागत असेल, अशी समजूत आमच्या क्षेत्रातल्या भल्याभल्यांची असते. भाड्याच्या करारातले 'लेसर' आणि 'लेसी', वारसनोंदीतला 'नॉमिनी' हे त्याच धड्यात आले. सरांनी लगेच अपवादही सांगितले: गैरहजर राहणाऱ्याला 'ॲब्सेंटी' म्हणतात, तिथे कोणी दुसऱ्याने त्याला गैरहजर केलेले नसते. हा एकच तास पतसंस्था, बँका आणि वकिलांची कार्यालये यांतल्या कर्मचाऱ्यांना ऐकवण्याजोगा आहे.

भाचीचा अनुभव वेगळा आहे. औषध कारखान्यात प्रत्येक कृती लिहून ठेवावी लागते आणि ते लिखाण तपासणीला येणारे लोक वाचतात. 'स्टराइल', 'स्टरिलिटी', 'स्टरिलाइझ', 'स्टरिलायझेशन' हे चारही शब्द ती रोज वाचत होती, पण लिहिताना कोणता कुठे बसतो याविषयी मनात धाकधूक असे. वर्गातल्या रूपांतराच्या सरावाने ही धाकधूक गेली असे ती सांगते. हा सराव दुसऱ्या महिन्यात सुरू होतो. एकच हकिकत क्रियापद वापरून सांगायची, मग नाम वापरून, मग विशेषण वापरून. पाहुण्यांनी आवाजाबद्दल तक्रार केली. पाहुण्यांकडून आवाजाची तक्रार आली. आवाजाने वैतागलेल्या पाहुण्यांनी खोली बदलून मागितली. मराठीत ही तिन्ही वाक्ये आपण सहज फिरवतो. इंग्रजीत 'कम्प्लेन' आणि 'कम्प्लेंट' यांची जागा बदलली की शेजारचे शब्दही बदलावे लागतात: क्रियापदानंतर 'अबाउट' येतो, नामाला 'मेक', 'लॉज' किंवा 'फाइल' असे क्रियापद जोडीला लागते, आणि 'डू अ कम्प्लेंट' हे आपले लाडके वाक्य बाद होते. "मावशी, आपल्या 'करणे'चं सगळीकडे 'डू' होत नाही, एवढं जरी कळलं तरी फी वसूल," असे भाची जिना उतरताना म्हणाली, आणि तिचा हिशेब मला मान्य आहे.

पाचवा रकाना हा या वर्गाचा कणा आहे, पण पहिल्या महिन्यात तो दुबळा राहतो, ही माझी मुख्य तक्रार आहे. सुरुवातीचे धडे चार रकाने भरण्याच्या उत्साहात जातात आणि रकाना रिकामा राहिला की विद्यार्थ्याला चैन पडत नाही. मग 'डिफिकल्ट'ला 'ली' लावून 'डिफिकल्टली' जन्माला येतो, जो रूपाच्या नियमाला धरून असला तरी रोजच्या वापरात नाही; लोक 'विथ डिफिकल्टी' म्हणतात. 'फास्ट'चे क्रियाविशेषण 'फास्ट'च राहते. 'फ्रेंडली', 'कॉस्टली', 'एल्डरली' यांच्या शेवटी 'ली' असून ती विशेषणे आहेत. आणि 'हार्ड'ला 'ली' लावला की अर्थ उलटतो: 'ही वर्क्स हार्ड' ही शाबासकी आहे, 'ही हार्डली वर्क्स' ही नोकरीवरून काढण्याची तयारी आहे. हे सर्व सरांना नीट माहीत आहे, पण ते कोणी विचारले तरच सांगतात. टिपणांच्या झेरॉक्समध्ये अशा शब्दांपुढे नुसती फुली मारलेली असती तरी नवख्यांची फसगत टळली असती. रिकामा रकाना हीदेखील माहिती आहे, हे पहिल्या दिवशी सांगायला हवे.

या बाबतीतला सर्वांत चांगला प्रश्न टॅक्सीवाल्या काकांनी विचारला. "सर, 'इन' म्हणजे नाही, तर मग पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' का लिहितात? तो पेटत नाही की काय?" सरांनी त्या वेळी उत्तर दिले नाही, पुढच्या तासाला ते कोश पाहून आले. या शब्दातला 'इन' नकाराचा नाही, लॅटिनमध्ये 'आत' असा अर्थ असलेला दुसराच 'इन' आहे, 'पेटवणे' या क्रियापदाचा तो भाग आहे, आणि असाच गैरसमज होऊन कोणी भाजू नये म्हणून अलीकडे बऱ्याच ठिकाणी 'फ्लेमेबल' असे लिहितात, असे त्यांनी सांगितले. ठाऊक नसलेले उत्तर लगेच न ठोकता दुसऱ्या दिवशी आणणारा शिक्षक मला अधिक विश्वासाचा वाटतो. त्याच ओघात 'इन्व्हॅल्युएबल' निघाला, जो निरुपयोगी नसून किंमत करता येणार नाही इतका मोलाचा असतो.

दिसायला सारख्या आणि अर्थाने वेगळ्या जोड्यांवरचा भागही चांगला झाला. वर्गात पर्यटकांना जुने गोवे दाखवणारा एक तरुण मार्गदर्शक होता. तिथली चर्च आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांच्याविषयी बोलताना 'हिस्टॉरिक' म्हणावे आणि जुन्या दप्तरातल्या नोंदींना 'हिस्टॉरिकल' म्हणावे, हा भेद त्याने स्वतःच वापरून दाखवला. अर्थव्यवस्थेशी संबंधित ते 'इकॉनॉमिक' आणि काटकसरीचे ते 'इकॉनॉमिकल', हेही त्याच तासाला आले. अशा जोड्या यादीने डोक्यात राहत नाहीत. कोणाच्या तरी कामाशी बांधल्या की राहतात, आणि विद्यार्थ्यांचे व्यवसाय विचारून त्यांच्याभोवती उदाहरणे रचण्याचे सरांचे कसब इथे दिसते.

उच्चाराच्या बाबतीत मात्र वर्ग कमी पडतो. इंग्रजीत रूप बदलले की आघात सरकतो आणि आघाताबरोबर स्वरही बदलतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, 'फोटोग्राफी'मध्ये तो दुसऱ्यावर जातो आणि उच्चार 'फटॉग्रफी'च्या जवळ येतो, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मराठीत आघाताने शब्दाची जात बदलत नसल्यामुळे आपला कान यासाठी तयार नसतो, आणि देवनागरीत उच्चार लिहून दिला तरी जोर कुठे द्यायचा ते त्यात उतरत नाही. सर काही शब्दांत अक्षराखाली लाल रेघ मारतात, पण ती रेघ झेरॉक्समध्ये काळी होते आणि सगळ्या रेघांत हरवते. शिवाय सरांचे स्वतःचे उच्चार बरेचसे स्पेलिंगला धरून आहेत. परदेशी पाहुण्यांशी किंवा फोनवर ग्राहकांशी बोलणाऱ्यांनी ही उणीव बाहेरून भरून काढावी. शब्दाचा उच्चार ऐकवणारा एखादा कोश मोबाइलवर ठेवला आणि वहीतला प्रत्येक शब्द एकदा ऐकला तरी पुष्कळ काम होते. वर्गात स्पीकर आहे. तो तीन महिन्यांत वापरलेला मी पाहिला नाही.

कोशाविषयी सरांचा आग्रह असा की इंग्रजी-मराठी कोश घरी ठेवावा, पण वर्गात परभाषिक शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोशच आणावा. या जातीच्या कोशांचा पाया ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना घातला; त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो काढला. क्रियापदानंतर काय येते, नाम मोजता येते की नाही, हे त्यात पहिल्यापासून दिलेले असल्यामुळे पाचवा रकाना भरायला त्याच्याइतके सोयीचे साधन नाही. 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'इन्फर्मेशन' यांचे अनेकवचन होत नाही, ही गोष्ट आपल्या सरकारी पत्रांतही सर्रास विसरली जाते. कोशात ती एका अक्षराच्या खुणेने दाखवलेली असते. नवा कोश महाग वाटत असेल तर जुनी आवृत्ती चालते.

आता प्रश्न पदरात काय पडते याचा. वर्गात पहिल्या टप्प्यात चारशेच्या आसपास शब्दकुळे होतात आणि 'एवढ्यात रोजचे सगळे भागते' असे प्रवेशाच्या वेळी सांगितले जाते. हे जरा जास्तच आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये केलेली नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादीच सुमारे २,००० शब्दांची होती. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये उच्च शिक्षणातल्या लिखाणासाठी त्यापलीकडची ५७० शब्दकुळे निवडली. आणि कोणाच्या मदतीशिवाय कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुळे लागतात, असा पॉल नेशन यांचा २००६ चा अंदाज आहे. या मापाने चारशे ही सुरुवात आहे. तिची किंमत आकड्यात कमी आणि सवयीत जास्त आहे, कारण नवा शब्द भेटला की त्याचे भाऊबंद शोधायचे आणि सोबती टिपायचे, हे वळण तीन महिन्यांत हाताला लागते. प्रवेश घेणाऱ्याला तेवढेच सांगितले असते तर पुरे होते.

उजळणीची व्यवस्था चांगली आहे. प्रत्येक आठवड्याच्या शेवटच्या तासाला मागचे शब्द विचारले जातात, तेही ओळीने न विचारता चिठ्ठ्या उचलून, आणि तीन आठवड्यांपूर्वीचा शब्द अचानक पुढे येतो. शिकलेले किती लवकर विसरते हे हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडले होते. मधे अंतर ठेवून पुन्हा पुन्हा आठवल्याने ते टिकते, हे आता शिकवणाऱ्या सगळ्यांना माहीत असते, पण पाळणारे थोडे. इथे ते पाळले जाते. चिठ्ठीवर एकटा शब्द नसतो, तर एखादा प्रसंग असतो: वीज गेली आहे, वीज खात्याला फोन करायचा आहे, 'इंटरप्ट' किंवा 'इंटरप्शन' यांपैकी एक वापरून सांगा. पावसाळ्यात हा प्रसंग रचावा लागत नाही, दिवे खरेच गेलेले असतात आणि सर इन्व्हर्टरच्या उजेडात चिठ्ठी वाचतात.

भारतीय इंग्रजीविषयी सरांची भूमिका समंजस आहे. 'प्रीपोन' हा शब्द आपल्याकडे रूढ झाला आणि तो 'पोस्टपोन'च्या घराण्यात नीट बसतो. इंग्लंडमध्ये छापलेल्या कोशांतही तो आता भारतीय इंग्रजी म्हणून दिलेला असतो, म्हणून आपसांत वापरायला हरकत नाही, असे ते सांगतात. पण पत्राला उत्तर देण्याच्या अर्थाने 'रिव्हर्ट' बाहेरच्या माणसाला लिहिला तर तो गोंधळतो, तिथे 'रिप्लाय' लिहावा. 'डिस्कस अबाउट' आणि 'रिटर्न बॅक' यांना त्यांच्याकडे माफी नाही. वर्गात कोणाच्या कोकणी किंवा मराठी वळणाच्या बोलण्याला हसत नाहीत, हेही नमूद करायला हवे. चूक फळ्यावर जाते, नाव जात नाही.

गैरसोयी थोड्या आहेत, पण आहेत. एका वेळी तीसच्या वर माणसे घेतली जातात आणि दोन खोल्यांमधली भिंत पाडलेली असली तरी मागच्या तीन रांगांना फळ्याचा खालचा भाग दिसत नाही. दहावीची मुले, नोकरदार आणि साठीच्या आसपासचे गृहस्थ एकत्र बसतात. व्यवसायांच्या उदाहरणांसाठी हे मिश्रण चांगले असले तरी दहावीच्या मुलांना तारणाच्या कागदात रस नसतो आणि ती मोबाइल काढतात. दुचाकी लावायला खाली जागा अपुरी आहे. आणि टिपणांचे ३०० रुपये घेताना ती वाचता येतील इतकी काळी तरी छापावीत. काही पानांवरची शेवटची ओळ आम्हा दोघींना शेजारच्यांच्या वहीवरून उतरवून घ्यावी लागली.

मराठीतून प्राथमिक शिक्षण झाले आहे, इंग्रजी वाचता येते पण लिहिताना आणि बोलताना शब्दाचे योग्य रूप सापडत नाही, अशा कोणालाही मी हा पहिला टप्पा सुचवेन. विशेषतः कार्यालयात अर्ज, अहवाल, पत्रे हाताळणाऱ्यांना. केवळ अस्खलित बोलता यावे एवढीच अपेक्षा असणाऱ्यांची निराशा होईल, कारण बोलण्याचा प्रत्यक्ष सराव चिठ्ठ्यांपुरताच आहे. इंग्रजी अजिबात न येणाऱ्यांनी आधी दुसरीकडे वाचनाची तयारी करून यावे. दुसऱ्या टप्प्याची ६,००० रुपये फी पहिल्या टप्प्यातच आगाऊ भरण्याचा आग्रह होतो, तो मानू नये. त्यात काय शिकवणार याचा कागद अजून कोणाला दिलेला नाही. पुढची तुकडी चतुर्थीनंतर सुरू होते. शिरोडा किंवा सावईवेरेच्या बाजूने येणाऱ्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी आठनंतरच्या बसची चौकशी करावी, कारण तास बहुधा दहा-पंधरा मिनिटे लांबतो.